राखीव वाटेची शिस्त



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांनी आयुष्यभर वायरमन आणि तंत्रज्ञ घडवले. जे यंत्र आपण हाताळतो त्याचे आतले कारण आपल्याला सांगता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. तो आग्रह मानूनच मी आजचा विषय निवडला. आपल्या रुग्णालयांत, बँकांत, महाविद्यालयांत एखाद्या कोपऱ्यातल्या रॅकमध्ये नेटवर्क स्विच बसवलेले असतात. संगणकांना एकमेकांशी जोडणारी ही पेटी आपण रोज वापरतो, पण तिच्याकडे पाहत नाही. या पेट्या एकमेकींना जोडल्या की त्यांच्यात एक फार अवघड प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर त्या कोणाही माणसाला न विचारता आपसांत शोधतात. तो प्रश्न आणि ते उत्तर मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रश्न असा. दोन ठिकाणांना जोडणारी एकच केबल असेल, तर ती तुटल्यावर काम थांबते. म्हणून शहाणा माणूस दुसरी केबल टाकून ठेवतो. पण ज्या क्षणी आपण ही दुसरी वाट जोडतो, त्या क्षणी जाळ्यात एक वर्तुळ तयार होते, आणि स्विचच्या जगात वर्तुळ हा सर्वांत मोठा धोका आहे. केबल तुटली तर एक विभाग बंद पडतो. वर्तुळ चालू झाले तर सगळे जाळे बंद पडते. म्हणजे अपघातापासून वाचण्यासाठी केलेली तजवीजच मोठ्या अपघाताचे कारण ठरते. दुसरी वाट हवी, पण वर्तुळ नको. हे दोन्ही साधायचे कसे?

वर्तुळ इतके घातक का, हे आधी समजून घेऊ. इथरनेट या तंत्राचा जन्म 1973 साली अमेरिकेत पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात झाला. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ते उभे केले. कल्पना साधी होती. एकच लांब केबल, तिला लागून अनेक संगणक. एकाने बोलायचे, सगळ्यांनी ऐकायचे, आणि ज्याच्या नावाचा मजकूर असेल त्याने तो घ्यायचा. या मजकुराच्या तुकड्याला फ्रेम म्हणतात. फ्रेमच्या कपाळावर 14 बाइट असतात. 6 बाइट घेणाऱ्याचा पत्ता, 6 बाइट पाठवणाऱ्याचा पत्ता आणि उरलेले 2 बाइट आत काय आहे ते सांगणारे. एका केबलसाठी एवढे पुरेसे होते. फ्रेम जास्तीत जास्त केबलच्या टोकापर्यंत जाणार आणि तिथे संपणार. तिने किती टप्पे ओलांडले हे मोजायची गरजच नव्हती, कारण टप्पेच नव्हते.

इंटरनेटच्या पॅकेटची गोष्ट वेगळी आहे. ते निघताना त्याच्याजवळ एक ठरावीक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, आणि आकडा शून्यावर आला की पॅकेट टाकून देतो. ठरावीक नाणी घेऊन निघालेल्या वाटसरूकडून प्रत्येक नाक्यावर एक नाणे घ्यावे, म्हणजे वाट चुकला तरी तो कायमचा फिरत राहणार नाही, तशी ही सोय आहे. इथरनेटच्या फ्रेमजवळ असा आकडा नाही. ती वर्तुळात सापडली, तर तिला थांबवणारे तिच्यात काहीच नाही.

इथरनेटच्या जुन्या आराखड्यात जाळ्याची लांबी सुमारे अडीच किलोमीटर आणि यंत्रांची संख्या 1024 इतकी मर्यादित होती. संस्था वाढल्या, इमारती वाढल्या, आणि अशी वेगवेगळी जाळी जोडायची गरज पडली. तेव्हा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या कंपनीत ब्रिज नावाची पेटी तयार झाली. आजचा स्विच हा त्या ब्रिजचाच अनेक तोंडांचा वंशज. ब्रिजवर एक कठोर अट होती. संगणकांना त्याचा पत्ताही लागता कामा नये. त्यांच्यात कसलाही बदल करायचा नाही आणि फ्रेममध्ये एक अक्षरही वाढवायचे नाही. म्हणून टप्पे मोजणारा आकडा नंतर घालायलाही जागा उरली नाही.

मग ब्रिज काम करतो कसे? तो ऐकून शिकतो. एखादी फ्रेम तिसऱ्या पोर्टवरून, म्हणजे तिसऱ्या तोंडातून, आत आली, की तिच्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून तो नोंद करतो, की हा संगणक तिसऱ्या बाजूला आहे. पुढे त्या पत्त्याची फ्रेम आली, की ती फक्त तिसऱ्या पोर्टने पाठवतो. पत्ता माहीत नसेल, किंवा फ्रेम सगळ्यांसाठीच असेल, तर ज्या पोर्टवरून ती आली तो सोडून बाकी सर्व पोर्टवर तिची प्रत पाठवतो. बराच वेळ, सहसा 300 सेकंद, एखाद्या पत्त्याची हालचाल दिसली नाही, तर ती नोंद पुसतो. एवढाच त्याचा व्यवहार. यात सौंदर्य आहे. बसवणाऱ्याला एकही पत्ता हाताने भरावा लागत नाही.

आता एक महाविद्यालय डोळ्यांपुढे आणा. कार्यालयात एक स्विच, ग्रंथालयात एक, प्रयोगशाळेत एक. तिघे एकमेकांना जोडलेले, म्हणजे त्रिकोण. कार्यालयातला एक संगणक सर्वांना उद्देशून विचारतो, “अमुक पत्ता कोणाचा?” कार्यालयाचा स्विच ही फ्रेम ग्रंथालयाकडे आणि प्रयोगशाळेकडे पाठवतो. ग्रंथालयाचा स्विच ती प्रयोगशाळेला देतो, प्रयोगशाळेचा ग्रंथालयाला. मग दोघेही ती कार्यालयाकडे परत पाठवतात, आणि कार्यालय ती पुन्हा पुढे ढकलते. एका प्रश्नाच्या दोन प्रती उलटसुलट दिशांनी फिरू लागतात आणि कधीच थांबत नाहीत. दुसरा प्रश्न आला, आणखी दोन. तिसरा आला, आणखी दोन. चार स्विच असतील आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी जोडलेला असेल, तर परिस्थिती याहून भयंकर होते. सुरुवातीच्या तीन प्रती प्रत्येक टप्प्यावर दुप्पट होतात. सहा, बारा, चोवीस. वीस वेळा दुप्पट झाल्यावर एकाच फ्रेमच्या 31 लाखांहून अधिक प्रती होतात, आणि हे टप्पे सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात पार पडतात.

याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. 100 मेगाबिटच्या केबलवर सर्वांत लहान आकाराच्या फ्रेम सेकंदाला सुमारे 1 लाख 48 हजार जाऊ शकतात, आणि गिगाबिटवर 14 लाख 88 हजार. वादळात ही सगळी जागा निरर्थक प्रतींनी भरते. प्रत्येक संगणकाला प्रत्येक प्रत उघडून पाहावी लागते, म्हणून जाळ्याबरोबर संगणकही मंदावतात. शिवाय एकाच पाठवणाऱ्याची फ्रेम कधी या पोर्टवरून तर कधी त्या पोर्टवरून येते, त्यामुळे स्विचची शिकलेली नोंद क्षणाक्षणाला बदलते आणि खरी फ्रेमही चुकीच्या वाटेने जाते. बिघाड शोधायला निघालेल्या माणसाला त्या स्विचशी बोलताही येत नाही, कारण बोलायची वाट तीच, आणि ती भरून गेलेली असते.

या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या व्यक्तीचे नाव रेडिया पर्लमन. जन्म 1951, शिक्षण एमआयटीत, आणि 1980च्या दशकात त्या डेकमध्ये जाळ्यांची रचना करत होत्या. ब्रिजवर त्यांचे सहकारी मार्क केम्फ काम करत होते. पर्लमन यांनी मुलाखतींतून सांगितलेली आठवण अशी, की त्यांच्या वरिष्ठांनी, टोनी लॉक यांनी, हा वर्तुळाचा प्रश्न त्यांच्यावर सोपवला आणि ते पुढचा आठवडाभर रजेवर जाणार होते. अटी कडक होत्या. जाळे कितीही वाढले तरी प्रत्येक ब्रिजला लागणारी स्मरणशक्ती त्याबरोबर वाढता कामा नये. माणसाला काही भरावे लागू नये. जाळ्यात बदल झाला तर ते आपोआप सावरले पाहिजे. पर्लमन यांना उत्तर लगेच सुचले आणि ते लिहून काढायलाही फार दिवस लागले नाहीत. उरलेल्या वेळात त्यांनी त्या रीतीवर एक कविता लिहिली, ‘अल्गोराइम’ नावाची. ती आज या क्षेत्रातल्या बहुतेकांना माहीत आहे. 1985 साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, आणि 1990 साली आयईईई या संस्थेने ही रीत 802.1डी या क्रमांकाने प्रमाण म्हणून स्वीकारली. तिचे नाव स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल.

या उत्तरामागचे गणित जुने आहे. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या आकृतीत सर्व बिंदू जोडलेले असावेत आणि वर्तुळ मात्र एकही नसावे, अशा रचनेला गणितात झाड म्हणतात. बिंदू कितीही असोत, झाडात रेषा त्यांच्यापेक्षा बरोबर एकने कमी असतात. आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाचे 1889चे सूत्र सांगते, की चार बिंदूंवर 16 वेगवेगळी झाडे उभी राहतात आणि दहा बिंदूंवर दहा कोटी. चेक गणितज्ञ ओटाकर बोरूवका यांनी 1926 साली मोराव्हियातल्या वीजजाळ्याच्या निमित्ताने सर्वांत कमी खर्चाचे झाड शोधायची रीत दिली. पुढे 1956 आणि 1957 साली जोसेफ क्रुस्कल आणि रॉबर्ट प्रिम या अमेरिकन गणितज्ञांनी आपापल्या रीती दिल्या. पण या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. कागदावर संपूर्ण नकाशा पाहणारा एक माणूस, किंवा एक संगणक, तिथे गृहीत होता. ब्रिजजवळ नकाशा नाही. त्याला फक्त आपले शेजारी दिसतात. दहा पेट्यांपुढे दहा कोटी पर्याय असू शकतात, सगळ्यांनी त्यांतला एकच निवडायचा आहे, आणि कोणालाही पूर्ण चित्र दिसत नाही. पर्लमन यांचे कर्तृत्व इथे आहे.

त्यांची रीत अशी. प्रत्येक स्विचला 8 बाइटची ओळख असते. पुढचे 2 बाइट म्हणजे प्रायॉरिटी, आणि उरलेले 6 बाइट म्हणजे कारखान्यातून आलेला त्याचा स्वतःचा पत्ता. सुरू होताच प्रत्येक स्विच मानतो, की मीच मूळ, मीच रूट. तो शेजाऱ्यांना एक छोटा संदेश पाठवतो. माझ्या मते रूट कोण, त्याच्यापर्यंतचा माझा खर्च किती, आणि मी कोण. या संदेशाला बीपीडीयू म्हणतात. शेजाऱ्याकडून याहून लहान ओळखीच्या रूटची बातमी आली, की तो आपला दावा तिथेच सोडतो आणि नव्या रूटला मान्यता देतो. थोड्याच वेळात सर्वांत लहान ओळख असलेला एकच स्विच रूट म्हणून उरतो. मतमोजणी नाही, अध्यक्ष नाही, तरी निकाल एकच.

मग प्रत्येक स्विच स्वतःला विचारतो, रूटकडे जायची माझी सर्वांत स्वस्त वाट कोणती? जुन्या प्रमाणाप्रमाणे 10 मेगाबिटच्या जोडणीचा खर्च 100, 100 मेगाबिटचा 19, गिगाबिटचा 4 आणि 10 गिगाबिटचा 2. वेग जास्त, तर खर्च कमी. पुढे वेग इतके वाढले, की या आकड्यांत फरक करायला जागा उरली नाही, म्हणून नव्या प्रमाणात गिगाबिटचा खर्च 20,000 आणि 10 गिगाबिटचा 2,000 असे मोठे आकडे आले. आपल्या महाविद्यालयात कार्यालय हे रूट ठरले, आणि त्याच्या दोन्ही जोडण्या गिगाबिटच्या आहेत असे धरा. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांच्यातली जोडणी 100 मेगाबिटची. जुन्या आकड्यांनी ग्रंथालयाला थेट जायला खर्च 4, आणि प्रयोगशाळेवरून जायला 19 अधिक 4, म्हणजे 23. ते थेट वाट घेते. प्रयोगशाळाही तेच करते. उरली मधली जोडणी. तिच्या दोन्ही टोकांना रूटपर्यंतचा खर्च सारखाच, 4. तेव्हा ज्याची ओळख लहान त्याचे टोक चालू राहते आणि दुसऱ्याचे टोक अडवले जाते. ते टोक प्रयोगशाळेचे आहे असे धरू. त्रिकोण मोडला. तीन स्विच, दोन चालू वाटा, एक राखीव.

हे झाड बोरूवकांच्या झाडाहून वेगळे आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बोरूवकांना सगळ्या तारांचा मिळून खर्च कमी करायचा होता. इथे प्रत्येक स्विचला रूटपर्यंतची आपली स्वतःची वाट स्वस्त हवी आहे. त्यामुळे रूट कुठे बसतो यावर सगळ्या झाडाचा आकार ठरतो. आणि स्मरणशक्तीची अट? प्रत्येक पोर्टवर आजवर ऐकलेला सर्वांत चांगला एक संदेश लक्षात ठेवला, की पुरे. जाळ्यात स्विच तीन असोत की तीनशे, एका पोर्टमागे एक नोंद.

अडवलेला पोर्ट मेलेला नसतो, ही या रचनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. तो फ्रेम पुढे पाठवत नाही, पण ऐकत असतो. रूटकडून दर 2 सेकंदांनी निघणारा संदेश त्याच्यापर्यंत पोचत राहतो. कार्यालय आणि प्रयोगशाळा यांच्यातली केबल तुटली, की प्रयोगशाळेचा स्विच आपल्या अडवलेल्या पोर्टवर ग्रंथालयाचा संदेश पाहतो आणि ठरवतो, की आता हीच माझी रूटकडची वाट. पण ती तो लगेच उघडत नाही. 15 सेकंद नुसता ऐकतो, पुढचे 15 सेकंद पत्ते शिकतो, आणि मगच फ्रेम सोडतो. तुटलेली जोडणी स्वतःची नसेल, दूर कुठेतरी असेल, तर जुनी बातमी शिळी झाली हे कळायला आणखी 20 सेकंद जातात. म्हणजे 30 ते 50 सेकंद जाळ्याचा एक भाग मुका राहतो.

एवढा वेळ का घालवायचा, असे आजच्या श्रोत्याला वाटेल. याचे उत्तर म्हणजे या शास्त्राचा कणा आहे. बदलाची बातमी सगळ्यांकडे एकाच क्षणी पोचत नाही. एका स्विचने जुन्या समजुतीवर एक वाट चालू ठेवली आणि दुसऱ्याने नव्या समजुतीवर दुसरी उघडली, तर मधल्या क्षणांत वर्तुळ जुळते, आणि वादळ उठायला तेवढे क्षण पुरतात. म्हणून जिथे शंका आहे तिथे वाट बंद ठेवायची. अर्धा मिनिट जोडणी नसली तर चालेल, एक क्षणही वर्तुळ चालणार नाही. ही निवड जाणीवपूर्वक केलेली आहे आणि ती बरोबर आहे.

पुढच्या पिढीने हा वेळ कमी केला, पण तत्त्व सोडले नाही. 2001 साली आलेल्या रॅपिड स्पॅनिंग ट्रीमध्ये घड्याळाच्या जागी संवाद आला. वरचा स्विच खालच्याला विचारतो, ही वाट मी चालू करू का? खालचा स्विच आधी आपले पुढचे पोर्ट अडवतो, वर्तुळ होणे शक्य नाही याची खात्री करतो, मगच होकार देतो. तोच प्रश्न मग तो आपल्या खालच्यांना विचारतो. असा होकार पायरीपायरीने खाली उतरतो आणि बहुतेक वेळा काम सेकंदाभरात किंवा त्याहून लवकर होते. राखीव पोर्टलाही आता नाव आणि भूमिका मिळाली. रूटकडची पर्यायी वाट कोणती हे आधीच ठरलेले असल्याने ती वेळ येताच पुढे होते. 2004च्या सुधारित प्रमाणात जुन्या रीतीची जागा या नव्या रीतीने घेतली. वेगवेगळ्या विभागांच्या वाहतुकीसाठी वेगवेगळी झाडे ठेवायची रीतही आली, म्हणजे एका झाडात राखीव असलेली केबल दुसऱ्या झाडात कामी येते.

आता या रीतीचे दुबळेपण. मी तिचा चाहता आहे, आणि म्हणूनच ते सांगणे माझे कर्तव्य आहे. अडवलेला पोर्ट बंद राहतो तो ऐकू येणाऱ्या संदेशामुळे. संदेश येणे थांबले, की तो समजतो पलीकडे कोणी नाही, आणि उघडतो. म्हणजे शांततेचा अर्थ इथे परवानगी असा होतो. पण शांततेची कारणे अनेक. फायबरच्या जोडीतली एकच तार निकामी होते, मग आपले बोलणे पलीकडे जाते पण पलीकडचे आपल्याकडे येत नाही. किंवा एखादा स्विच कामाने इतका थकतो, की त्याला संदेश पाठवायला सवड होत नाही. पलीकडे स्विच जिवंत आहे, वाट जिवंत आहे, आणि इकडचा पोर्ट चुकीच्या समजुतीने उघडतो. वर्तुळ जुळते, वादळ उठते, वादळाने आणखी स्विच थकतात, त्यांचेही संदेश थांबतात आणि आणखी पोर्ट उघडतात. राउटरने ऐकणे थांबवले तर तो वाट गमावतो. स्विचने ऐकणे थांबवले तर तो वाट उघडतो. दोघांतला हा फरक पर्लमन यांनी स्वतःच ठळकपणे मांडला आहे. लूप गार्डसारखे उपाय याच ठिकाणी कामाला येतात. ऐकू येत असलेला पोर्ट अचानक गप्प झाला, तर लूप गार्ड तो उघडू देत नाही, संशयित म्हणून रोखून ठेवतो.

याचा सर्वांत बोलका दाखला बोस्टनचा आहे. नोव्हेंबर 2002मध्ये तेथील बेथ इस्रायल डिकनेस मेडिकल सेंटर या मोठ्या रुग्णालयाचे जाळे कोलमडले आणि कित्येक दिवस सावरता आले नाही. संस्था विलीन होत गेल्या होत्या, जाळ्याला जाळे जोडले गेले होते. स्पॅनिंग ट्रीची ठरलेली घड्याळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात स्विच धरून आखलेली आहेत. इथे काही भाग त्या मर्यादेपलीकडे गेले होते. त्यातच मोठ्या प्रमाणावर माहिती वाहू लागली, स्विचांवर ताण आला, आणि झाड पुन्हा पुन्हा मोडून नव्याने बनू लागले. तपासण्यांचे निकाल, औषधांच्या मागण्या, सगळे हाताने कागदावर लिहून माणसांकरवी पोचवावे लागले. संगणकाशिवाय रुग्णालय चालवण्याचा अनुभव अनेक तरुण डॉक्टरांना नव्हता. शेवटी यंत्रसामग्री बाहेरून आणून जाळ्याची रचनाच बदलावी लागली. रुग्णालयाच्या माहितीविभागाचे प्रमुख जॉन हॅलम्का यांनी ही सगळी हकिगत जाहीरपणे इतर रुग्णालयांपुढे ठेवली. त्यांच्या या मोकळेपणाचे मोल फार मोठे आहे. अशा घटना दाबल्या गेल्या असत्या, तर त्यांतून कोणीच शिकले नसते.

बोस्टनहून मोठा धडा दुसरा नाही, पण त्याच जातीचा छोटा धडा कोणत्याही तालुक्याच्या कार्यालयात घडू शकतो. टेबलाखाली एक स्वस्तातला छोटा स्विच असतो, ज्याला स्पॅनिंग ट्रीची भाषाच येत नाही. सफाईनंतर कोणाला एक सुटी केबल दिसते. चांगल्या हेतूने तो तिचे मोकळे टोक त्याच स्विचच्या मोकळ्या पोर्टमध्ये खोचतो. वर्तुळ झाले. वरचा स्विच नीट सांभाळलेला असेल, टेबलाकडे जाणाऱ्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड, म्हणजे बीपीडीयू आत येताच पोर्ट बंद करणारा पहारा, आणि वादळाची मर्यादा लावलेली असेल, तर तो एक पोर्ट बंद पडतो आणि बाकीचे कार्यालय चालू राहते. तसे नसेल तर सगळ्या इमारतीचे काम थांबते, आणि बोल लागतो इंटरनेटला.

पर्लमन यांनी या रीतीकडे कायमचे उत्तर म्हणून कधीच पाहिले नाही. मोठी जाळी मार्ग मोजणाऱ्या, टप्पे मोजणाऱ्या रीतीनेच चालावीत, ही त्यांची भूमिका राहिली आहे. झाडाचा एक मोठा तोटा तर उघडच आहे. पैसे देऊन टाकलेल्या केबल नुसत्या बसून राहतात, आणि दोन शेजारी स्विचांची वाहतूकही कधीकधी रूटला वळसा घालून जाते. 2004 साली पर्लमन यांनी स्वतःच यावर नवा प्रस्ताव मांडला. तोच पुढे 2011मध्ये ट्रिल या नावाने प्रमाण झाला. त्यात फ्रेमला टप्पे मोजणारा आकडा मिळाला आणि सगळ्या वाटा एकदम वापरायची सोय झाली. 2012मध्ये आयईईईचे शॉर्टेस्ट पाथ ब्रिजिंग आले. आजच्या मोठ्या डेटा सेंटरांत तर बहुतेक ठिकाणी प्रत्येक स्विच राउटरसारखा वागतो आणि सारख्या खर्चाच्या अनेक वाटांवर वाहतूक वाटून देतो. तरीही आपल्या गावातले महाविद्यालय, रुग्णालय, कारखाना यांतल्या स्विचांमध्ये स्पॅनिंग ट्री आजही पहारा देत आहे. जिथे नवी रचना आहे तिथेही ती शेवटची खबरदारी म्हणून चालू ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

मला आज एवढेच ठासून सांगायचे आहे, की भरवसा वाटांच्या संख्येने येत नाही. जादा वाट हवीच. पण कोणती चालू, कोणती राखीव, आणि राखीव वाट कोणत्या कारणाने उघडेल, हे ठरलेले असले तरच ती आधार होते. न ठरवता टाकलेली दुसरी केबल म्हणजे पुढे येणारे संकट आहे.

या ठरवण्यात माणसाचा वाटा किती, हेही पाहा. स्विचची प्रायॉरिटी कारखान्यातून 32768 अशी येते, सगळ्यांची सारखी. कोणी ती बदलली नाही, तर निवड पत्त्यावर होते, आणि लहान पत्ता जिंकतो. एकाच कंपनीच्या जुन्या स्विचचा पत्ता बऱ्याचदा नव्यापेक्षा लहान असतो. परिणाम असा, की अडगळीच्या खोलीतला सर्वांत जुना, सर्वांत मंद स्विच सगळ्या जाळ्याचा रूट होतो, आणि नव्या वेगवान जोडण्या त्याच्याभोवती आपल्या वाटा आखतात. यंत्राने आपले काम चोख केलेले असते. त्याला जे सांगितले नाही, ते त्याने केले नाही, एवढेच. प्रायॉरिटी 4096 च्या पटीत बदलता येते. मधोमध असलेल्या सशक्त स्विचला लहान आकडा द्यायचा, त्याच्या जोडीदाराला त्याच्या खालोखालचा. हे काम करायला काही मिनिटे लागतात.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. येथे अनेक संस्थांचे विश्वस्त, प्राचार्य, डॉक्टर आणि बँकेचे अधिकारी बसले आहेत. आपल्या संस्थेत जाळे सांभाळणारा जो तरुण किंवा जी तरुणी आहे, त्यांना उद्या बोलावून तीन गोष्टी विचारा. आपल्या जाळ्याचा रूट कोणता स्विच आहे, आणि तो आपण निवडला आहे की आपोआप ठरला आहे? जाळ्याचा आजचा नकाशा कागदावर आहे का? आणि राखीव वाट खरोखर उघडते की नाही, हे शेवटचे कधी तपासले? उत्तरे समाधानकारक नसतील तर त्यांना दोष देऊ नका. त्यांना वेळ द्या, चांगले स्विच घ्यायला पैसे द्या, आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी, सर्वांना आधी कळवून, एक केबल काढून पाहायची परवानगी द्या. जे कोसळणे आपण ठरवून, जागेपणी, सुट्टीच्या दिवशी पाहिले, ते शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा पगाराच्या दिवशी अचानक आपल्यापुढे उभे राहणार नाही.

आणि येथे मागे बसलेल्या विद्यार्थ्यांना एक शब्द. स्विच बसवणे म्हणजे केबल खोचणे असे कोणी तुम्हाला सांगितले, तर ते मान्य करू नका. या पेटीच्या आत आर्थर केलींचे गणित आहे, बोरूवकांचा प्रश्न आहे आणि रेडिया पर्लमन यांची बुद्धी आहे. ते समजून घेऊन काम करा. प्रत्येक स्विचवर त्याचे नाव लिहा, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा, आणि तुम्ही ती नोकरी सोडाल तेव्हा तुमच्या मागून येणाऱ्याच्या हाती नकाशा देऊन जा.